सासूबाईंचं शिफारसपत्र

आमच्या किर्गिझस्तानातल्या नारीन गावातली बुरुलचा नावाची बाई चाळिशीत मानसशास्त्राच्या एम.ए.ला अर्ज करायला निघाली. ओळखणाऱ्या दोघांची शिफारसपत्रं हवी होती. एक शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलं. दुसरं तिनं सासूबाईंकडे मागितलं, कारण अठरा वर्षं त्यांच्याइतक्या बारकाईनं हिच्यावर कोणीच लक्ष ठेवलं नव्हतं.

आम्हा किर्गिझ लोकांत सुनेचं कौतुक करत नाहीत. त्यानं सून बिघडते म्हणे. तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे सायकाल-आपांनी, तीन पेले चहा पीत नुसत्या तक्रारी लिहिल्या. "बायका येतात मला भेटायला आणि बोलत बसतात हिच्याशी. ही गप्प ऐकते. रडत आलेल्या हसत जातात. कोण काय म्हणालं ते मलासुद्धा सांगत नाही. घुमी आहे."

"अहो आपा, हे वाचून मला कोण घेईल?"

"नाही घेतलं तर बरंच. इथे चहा कोण ओतेल?"

मुलाखतीत प्राध्यापकबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. "सासूबाईंनासुद्धा सांगत नाही? असं बोलतात तरी काय त्या बायका?"

"ते तुम्हालाही नाही सांगता येणार, बाई."

बुरुलचाला प्रवेश मिळाला. हल्ली सायकाल-आपा स्वतः चहा ओततात, आणि बायका पहिल्याच पेल्यानंतर उठतात.