सगळ्यात जास्त खरकटं कोणाचं?

तिसरीच्या बाईंना पोरं गांडूळबाई म्हणायची, आणि बाईंना त्याचं कोण कौतुक! इतकी वर्षं हंगामी म्हणून या शाळेतून त्या शाळेत ढकललेल्या बाईला लाडाचं नाव तरी कुणी ठेवलं होतं? नवरा चिडवायचा, "माझ्यापेक्षा त्या गांडुळांशीच जास्त बोलतेस." "ती उलटून बोलत नाहीत," असं म्हणून बाई विषय संपवायच्या.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "वर्गातली गांडूळखताची पेटी नीट चालली तर तुम्हाला कायम करू. वास सुटला, तर पेटी बाहेर आणि तुम्हीही." आज मधल्या सुट्टीत त्या पाहायला येणार होत्या.

सुट्टीची घंटा झाली आणि बाईंनी झाकण उचललं. आई गं! आंबूस भपकारा आला. सगळी गांडुळं जीव मुठीत धरून झाकणाला चिकटलेली. खाली जगणं अवघड झालं की ती वर चढतात, हे बाईंनीच पोरांना शिकवलं होतं.

त्यांनी बाह्या वर सारल्या आणि हात घातला. साली, देठ निघतील असं वाटलं होतं. निघालं अख्खं सफरचंद. मग पावाचे जाड तुकडे, उकडलेला बटाटा, आणखी एक सफरचंद. एकालाही दात लागलेला नाही.

"हे कुणी टाकलं?" बाईंचा आवाज चिरकला.

पहिल्या बाकावरची बारकी पोर उठली. "सगळ्यांनी, बाई. तुम्हीच म्हणालात ना, ज्याचं खरकटं जास्त त्याचं नाव फळ्यावर."

फळ्यावर सगळ्यात वर तिचंच नाव होतं. बाईंनीच हौसेने, रंगीत खडूने काढलेलं.

"मग तू काय खातेस, बाळा?"

"काहीच नाही. पोटात दुखतं, पण शाळा सुटेपर्यंत थांबतं."

बाईंची सकाळपासूनची नोकरीची काळजी कुठल्या कुठे गेली आणि ही नवीन भीती येऊन बसली. पोरं उपाशी बसत होती आणि आपण टाळ्या वाजवत होतो!

"कसला हा वास?" नाकाला रुमाल लावून मोठ्या बाई दारात उभ्या होत्या.

बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. हात धुतले, फळा पुसला, स्वतःचा डबा उघडून त्या पोरीपुढे ठेवला. "सगळ्यांनी डबे काढा. आज पेटीत काही टाकायचं नाही. खा आधी."

"मी काय विचारतेय?" मोठ्या बाई कडाडल्या.

"चुकलं माझं. सांगते," बाई म्हणाल्या, "पण हिला एवढं खाऊ दे."

पोरीने बाईंच्या डब्यातल्या पावाचा तुकडा मोडला. अर्धा तोंडात घातला आणि उरलेला, बाईंची नजर चुकवून, पेटीकडे बघत हळूच खिशात सरकवला.