कॉम्प्युटरवरच्या घाटातला गोंडा

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनाच्या चुकाही असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच. चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. भूत, भानामती, अंगात येणं... मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. पण हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आम्ही केडगावला, पुणे रस्त्याच्या मागच्या अंगाला राहतो. माझ्या लेकीचे, राणीचे पप्पा ट्रकवर ड्रायव्हर. नगरचा कांदा हिमाचलकडे नेतात, येताना सफरचंद आणतात. तिकडच्या घाटात एका वळणावर थांबून चहा करायची त्यांची सवय. दिवाळीच्या खेपेला त्यांनी तिथला फोटो पाठवला – खाली नदी, समोर बर्फाचे डोंगर, रस्त्याच्या कडेला पांढरा लोखंडी कठडा. आमच्या राणीने तो तिच्या जुन्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावला. चालू केला की तोच घाट. रोज धूळ पुसून पुसून मला तो पाठ झाला होता.

गाडीच्या आरशाला बांधायचा काळा गोंडा मी घरीच करते. विश्वास म्हणून नाही, रीत म्हणून. यंदा उन्हाळ्यात काळी लोकर कमी पडली, तर राणीचा लहानपणीचा स्वेटर उसवला आणि निम्मा काळा, निम्मा पोपटी गोंडा केला.

"अगं, गाडीवर पोपट बसवलास व्हय?" हे हसले. पण बांधला.

त्या खेपेला सफरचंद नव्हतं. कांदा उतरवून रिकामाच निघालो, एवढा फोन आला. मग फोन बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. गाडीचे मालक, शेठ, म्हणाले, "रेंज नसंल, वहिनी. डोंगर हाय तिकडं."

तिसऱ्या सकाळी राणीने कॉम्प्युटर लावला. मी चहा घेऊन गेले आणि कप हातातच राहिला. फोटोतल्या कठड्याच्या शेवटच्या खांबाला गोंडा लोंबत होता. निम्मा काळा, निम्मा पोपटी.

राणीने फोटो मोठा करून पाहिला. "आई, हा फोटो दिवाळीतला हाय. तवा हा गोंडा कुठं हुता?"

मी चप्पल घातली आणि थेट शेठच्या ऑफिसात गेले. एरवी मी दाराआडून बोलते. त्या दिवशी आत जाऊन खुर्चीवर बसले.

"शेठ, गाडी त्या चहाच्या वळणावर हाय. राणीच्या कॉम्प्युटरवरच्या फोटोत तिथं यांचा गोंडा दिसतोय. मानूस पाठवा."

कोपऱ्यातला एक ड्रायव्हर हसला. "आता कॉम्प्युटर सांगतो व्हय वहिनी, गाडी कुठं हाय ते?"

"हसा. पण आधी फोन लावा. त्याबिगर मी हितून हलणार न्हाई."

हा आवाज माझाच होता!

शेठची दुसरी गाडी त्याच रस्त्याला होती. तिचा ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "आत्ताच तिथून पुढं आलो, शेठ. रस्ता मोकळा हाय."

"मागं फिरायला सांगा," मी म्हणाले. "उतरून शेवटचा खांब बघायला सांगा."

शेठने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सांगितलं. फोन टेबलावर चालूच होता. बऱ्याच वेळाने फोनमधून ओरडणं आलं – "गोंडा हाय हितं, तुटल्या आरशासकट खांबाला अडकलाय! शेठ, कठडा संपतो तिथनं गाडी खाली गेलीय... झाडीत अडकलीय... हात हलवतोय! जिता हाय!"

हसणारा ड्रायव्हरच सगळ्यांत आधी उठून उभा राहिला.

पाय मोडला होता, बाकी माणूस धडधाकट. घरी येऊन पाहते तर फोटोतला कठडा रिकामा. गोंडा दिसत होता तेव्हा मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवायचंही आम्हाला सुचलं नव्हतं. राणीने कॉलेजच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, असं होऊच शकत नाही. मीही तेच म्हणते. पण झालं.

आता शेठच्या सगळ्या गाड्यांना माझेच गोंडे आहेत, निम्मे पोपटी. पहिला मागायला तो हसणाराच आला. "वहिनी, पोपट द्या की एक!" मी दारात उभी राहून दिला.

पाय बरा झाला आणि मागच्या आठवड्यात हे पुन्हा त्याच वळणावर पोचले आणि नवा फोटो पाठवला. तोच घाट, तोच कठडा, आणि शेवटच्या खांबाला टेकून हातात चहा घेऊन हे स्वतः. राणीने आता तोच स्क्रीनवर लावला आहे.