नानांना तीस जणांचं शिजवता येत नाही

आमच्या स्वयंपाकघरात भाकरी दुपारपर्यंत संपते, किस्से मात्र उरतात. ऊसतोडीच्या हंगामात गावाबाहेर मजुरांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात. आईबाप पहाटेच उसाच्या फडात जातात आणि पोरं मागं उपाशी. म्हणून मी, अंगणवाडीची बाई, आणि नाना, लष्करातले रिटायर्ड स्वयंपाकी, अशा आम्ही दोघांनी कोप्यांजवळच चूल मांडली. मग काय, रोज काहीतरी घडायचंच!

*

पहिल्या दिवशी नानांना बजावलं, "तीस पोरं आहेत हं." नानांनी आमटी केली दीडशे जणांची! मी डोक्याला हात लावला.

"बाई, आर्मीत आख्ख्या कंपनीचं शिजवलंय. हात आखडतच न्हाई!"

तेवढ्यात फडातून आईबाप परतले. पातेल्याच्या तळाशी थेंब राहिला नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दीडशेचंच करायला लागलो.

*

गुळासाठी सांगलीचे व्यापारी हसनभाई यांना फोन केला. आपला गूळ खरंच पोरांच्या पोटात जातो का, हे बघायला ते स्वतः आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. नानांनी नाव-गाव काही न विचारता त्यांच्यापुढं पिठाची परात सरकवली. "मळा!"

तासाभरानं कोपरापर्यंत पीठ लागलेले हसनभाई विचारतात, "नाना, माझी ड्यूटी परत कवा?"

*

गंगी चार वर्षांची. अर्धी भाकरी खायची, अर्धी फ्रॉकखाली लपवायची. माझ्या तक्त्यावर तिचं वजन लाल पट्ट्यात, म्हणजे फारच कमी. मला तिची फार काळजी वाटायची. एकदा नाना तिच्यासमोर उकिडवे बसले.

"का गं लपवतीस?"

"उद्याची हाय."

"आगं, उद्या बी मी करनार की!"

"आन तू न्हाई आलास तर?"



*

त्यानंतर नानांनी एक दिवस चुकवला नाही. रहिमतपूरला भाचीचं लग्न होतं. नवरीला बोहल्यावर आणायला मामा पाहिजे, आणि मामा इकडं फेटा बांधून भाकऱ्या थापतोय! फोनवर बहीण रडकुंडीला आलेली. "दादा, मुहूर्त चालला रं!"

"भाकरी तव्यावर हाय. भटजीला म्हणावं, मंगलाष्टकं लांबव!"

नाना पोचले तेव्हा फेट्यावर पीठ होतं. सगळे त्यांच्यावर तुटून पडले. नवरी तेवढी म्हणाली, "मामा, पोरं जेवली न्हवं?"

*

नानांना ताटात टाकलेलं अजिबात खपत नाही. एक शीत राहिलं तरी पोराला परत बसवतात. लष्करी शिस्त!

हंगाम संपत आला होता. गंगीचं वजन लाल पट्ट्यातून बाहेर आलं होतं, पण लपवणं काही सुटत नव्हतं. मजुरांची टोळी गावाला निघाली की पोर परत तशीच जाणार, याचंच मला वाईट वाटत होतं.

त्या दुपारी गंगी जेवता जेवता उठली. अर्धी भाकरी ताटातच. फ्रॉकखाली काही नाही. "पोट भरलं," म्हणाली आणि खेळायला पळाली!

सगळी पोरं नानांकडं बघायला लागली. आता नाना गरजणार!

नानांनी ताट उचललं. त्या अर्ध्या भाकरीकडं बघत राहिले. मग डोळे पुसले आणि खरंच गरजले, "बाई, पेढे मागवा! आज गंगीनं भाकरी टाकली!"