जुमेरातीला आलेलं वऱ्हाड

लोहाऱ्याच्या वेशीबाहेर, माळाच्या अंगाला आमची गल्ली होती. दहाबारा घरं आणि सगळ्यांत मिळून एक आड. आमच्या एका हाताला लिंगायत वाण्यांचं घर, दुसऱ्या हाताला एका मुसलमान बाईचं, तिला सगळे खाला म्हणायचे. वाण्यांकडं कानडी, खालाकडं दखनी, आमच्यात मराठी. कुठल्या घरात काय बोलायचं हे आम्हा पोरांना कुणी शिकवलं नव्हतं. उंबरा ओलांडला की जीभ आपोआप वळायची.

वाण्यांची थोरली मुलगी म्हणजे आमची अक्का. नात्यानं ती माझी कुणीच नव्हती, पण आई कामात असली की मी तिच्याकडंच जेवायची आणि दुपारी तिच्या मांडीवर झोपून जायची. तिचं लग्न आळंदकडं ठरलं. मुलगी बघायला पुरुषमाणसं येऊन गेली होती. सासूनं तिला अजून पाहिलंच नव्हतं. तेव्हा रीतच तशी होती.

लग्न शनिवारी. वऱ्हाड कधी पोचणार हा निरोप आळंदच्या बाजाराहून परतणाऱ्या एका अत्तारानं आणला. तो म्हणाला होता, जुमेरातीला येतात. म्हणजे बेस्तरवारी, गुरुवारी. पण वाण्यांच्या दुकानात त्या वेळी अक्काचे म्हातारे चुलते बसलेले. त्यांना ऐकू कमी यायचं. त्यांनी घरी येऊन सांगितलं, "जुम्म्याच्या रातीला येतेत." म्हणून सगळी तयारी शुक्रवारच्या हिशेबानं चालली होती.

बेस्तरवारी दिवस मावळता मावळता माळावरून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. अक्काची आई, तिला सगळी गल्ली अव्वा म्हणायची, अंगण सारवत होती. शेणानं भरलेले हात तसेच पुढं धरून ती उभी राहिली.

"आज कसं काय आले ओ हे?" तिनं माझ्या आईला विचारलं.

"आले ते आले," आई म्हणाली. "तुम्ही आधी हात धुवा. बायामाणसं माझ्याकडं उतरू द्या."

मग गल्ली हलली. खालानं परसातली लाकडं बाजूला सारून बैलांना जागा केली, कडबा टाकला. थोड्या वेळानं ती टोपलीभर वांगी घेऊन वाण्यांच्या दारात आली. "कच्चेच लाई हूँ अव्वा, पका लो," म्हणाली. वाण्यांना आपल्या चुलीवरचं चालत नाही, हे तिला कधी सांगावं लागलं नाही. कुणाकडून पीठ आलं, कुणाकडून ताक. वऱ्हाड हातपाय धुऊन टेकेपर्यंत भाजी-भाकरी तयार होती.

दुसऱ्या दिवशी शाळा नव्हती. निजामाच्या राज्यात सुट्टी जुम्म्याची असायची. लग्नाच्या कडक भाकऱ्या अजून करायच्या राहिल्या होत्या. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, भाजून वाळवायच्या. आमच्या परसात चुली मांडल्या आणि बाया आपापले तवे घेऊन आल्या. हळद संध्याकाळी लागायची होती. हात कमी पडतात बघून अक्काही जुनं लुगडं नेसून, पदर पुढं ओढून कडेच्या चुलीपाशी बसली. मी तिला पीठ काढून देत होते.

इतक्यात आमच्या घरातून एक ठेंगणी, गोरी बाई बाहेर आली आणि सरळ अक्काशेजारी पिठाची काटवट ओढून बसली. "बसून बसून पाय आखडले," ती कानडीत म्हणाली. ती वरमाई होती. आदल्या रात्री दाराआडून बघितलं होतं, म्हणून अक्कानं ओळखलं. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"तू इथलीच का गं?"

"हो," अक्का खाली मान घालून म्हणाली.

"मग आमच्या सुनेला ओळखत असशील. कशी आहे पोरगी?"

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. अक्कानं माझ्याकडं बघितलंच नाही.

"बरी आहे. कामाला मागं सरत नाही. पण सकाळी तिला लवकर जाग येत नाही. आणि कुणी रागावलं की बोलत नाही, नुसती रडत बसते."

वरमाईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"मीही अशीच होते," ती म्हणाली. "माझ्या सासूला ते कधी कळलं नाही. तू तिला सांग, रडू आलं तर माझ्यापाशी येऊन रड म्हणावं."

अक्काच्या गालांवरून पाणी ओघळलं. "धूर लागला का?" असं म्हणून वरमाईनं आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले. तेवढ्यात अव्वा परसात आली. "अगं, नवरीनं चुलीपुढं बसू नये म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

वरमाईचा हात पदरासकट तसाच राहिला. तिनं अव्वाकडं बघितलं, मग अक्काकडं. अक्का उठून तिच्या पाया पडली. वरमाईला हसू आवरेना, हसता हसता ठसका लागला. "हिनं स्वतःचीच चुगली केली की माझ्याजवळ," ती म्हणाली. गल्लीतल्या बाकीच्या बायांना कानडी कळत नव्हती. मी त्यांना मराठीत सगळं सांगितलं, आणि मग सगळं परसच हसत सुटलं.

लग्न झालं. खालानं मेंदीनं रंगवलेले अक्काचे हात गाडीतून दिसेनासे होईपर्यंत आम्ही ओढ्याच्या काठावर उभे होतो. घरी येऊन मी जेवले नाही. आईनंही मला जेव म्हटलं नाही, कारण तीही जेवली नव्हती.

पुढं राज्य बदलायच्या धामधुमीत गल्ली पांगली. आम्ही बार्शीला मामाकडं गेलो, खालाची माणसं हैदराबादेकडं गेली. परतलो तेव्हा निम्म्या दारांना कुलपं होती.

मुलंबाळं झाल्यावर एकदा मी आळंदला गेले. सासू थकून खाटेला लागली होती आणि अक्का तिला दूधभात भरवत होती. मग आम्ही दोघी ओसरीवर बसून गल्लीतलं एकेक घर आठवत गेलो. कुणाच्या दारात लिंब होता आणि कुणाच्या दारात शेवगा, यावरून आमचा चांगलाच वाद झाला. त्यात माझी गाडी चुकली आणि मी त्या दिवशी तिच्याकडंच राहिले.