आजाऱ्यांच्या यादीत माझे नाव

मंगळवार, दिनांक ७ फेब्रुवारी १९८४. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "उजव्या फुप्फुसात वर कॅव्हिटी आहे. स्पुटमही पॉझिटिव्ह आलं."

कॅव्हिटी म्हणजे रोगाने फुप्फुस खाल्ल्यामुळे पडलेली पोकळी. स्पुटम पॉझिटिव्ह म्हणजे थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. असा रोगी खोकला की रोग हवेत जातो. मला हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. धानोरा, एटापल्ली, अहेरी आणि शेवटी बरीच वर्षे चंद्रपूर येथील दवाखान्यांत मिळून मी एकतीस वर्षे कंपाउंडर होतो. तीन आठवडे खोकला टिकला की थुंकी तपासून घ्या, हे वाक्य मी किती माणसांना ऐकवले याची गणती नाही.

"खोकला कधीपासून?" डॉक्टरांनी विचारले.

"नोव्हेंबरपासून."

"तुम्ही कंपाउंडर होते ना? दुसऱ्याला तीन आठवडे अन् स्वतःला तीन महिने?"

 चंद्रपुरात हिवाळ्यातल्या खोकल्याला कोणी विचारत नाही. घरोघरी कोळशाची शेगडी असते, धूळही कोळशाचीच. मीही तेच कारण धरले आणि स्वतःच्या हाताने मिश्रण करून पीत राहिलो. खरे कारण वेगळे होते. क्षय हा दारू पिणाऱ्यांचा, अर्धपोटी राहणाऱ्यांचा रोग, अशी माझी मनोमन समजूत होती. मी नेमाने जगणारा माणूस. मला तो होणे मला मान्य नव्हते.

डॉक्टरांनी पुढे विचारले, "घरी कोण असतं?"

"पत्नी."

"उद्या घेऊन या. तुमच्याजवळ नेहमी बसणारं आणखी कोणी?"

"नाही."

हे उत्तर खोटे होते. पुढे जे लिहितो आहे ते त्या उत्तराविषयी आहे.

मी आमच्या ख्रिस्ती मंडळीचा वडील होतो. वडील म्हणजे पाळकसाहेबांच्या, आमच्या धर्मगुरूंच्या, खालोखाल चर्चची जबाबदारी वाहणारा. आमच्याकडे दर रविवारी उपासनेत आजाऱ्यांची नावे वाचली जातात आणि प्रत्येक नावानंतर सर्वजण मिळून त्या माणसासाठी प्रार्थना करतात. ही यादी सोळा वर्षे मी लिहीत व वाचत होतो. ती शनिवारी तयार होई. चर्चच्या मागे एक लहान खोली आहे. तेथे मी टेबलाशी बसत असे आणि दयाबाई समोर बसून प्रभुभोजनाची भांडी पुसत असे. दयाबाई विधवा, वय पन्नाशीच्या आसपास. चर्च झाडणे, घंटा देणे, पाणी भरणे ही तिची कामे. साऱ्या वस्तीत तिचे पाय फिरत, म्हणून कोण आजारी आहे हे तिलाच ठाऊक असे. ती नावे सांगे, मी लिहून घेई. धूळ येते म्हणून दार लावलेले असे. नोव्हेंबर ते जानेवारी, दर शनिवारी तासभर, त्या बंद खोलीत मी तिच्यासमोर खोकत होतो.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन रोज एक, दोन महिने. आयसोनायझिड आणि थायासेटाझोन या गोळ्या अठरा महिने. पहिले औषध जंतूंचा जोर मोडते. गोळ्या उरलेल्या जंतूंना हळूहळू संपवतात, म्हणून मध्येच थांबता येत नाही. पत्नीची तपासणी झाली. तिला काही नव्हते.

रोज सकाळी आठ वाजता मी इंजेक्शनच्या रांगेत उभा राहू लागलो. माझ्या पुढे बहुधा सत्तारभाई असत. पत्र्याच्या पेट्या बनवणारे कारागीर, माझ्याच वयाचे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ओळखले.

"क्या कंपाउंडरसाहेब. जिंदगीभर लोकाईले टोचलं, आता तुमचा नंबर."

मला हा विनोद आवडला नाही. पण रांगेत त्यांच्याशिवाय माझ्याशी कोणी बोलत नव्हते.

मंडळीत मी ताप असल्याचा निरोप पाठवला. पाळकसाहेबांना रोगाचे नाव सांगितले नाही. पत्नीने एकदाच विषय काढला. ती फारशी बोलणारी नाही.

"सोळा वर्षं लोकायचे नावं वाचून राह्यले तुमी. आपलं नाव टाकाले काऊन जड जाते?"

"ताप आहे एवढे पुरे," मी म्हणालो.

"अन् दयाबाईले तरी सांगा."

मी वर्तमानपत्र उघडले.

शनिवारी दयाबाई घरी आली. मी आजारी म्हणून यादीची नावे तिने दारातूनच सांगितली. सांगता सांगता तिला खोकला आला. ती पदर तोंडाशी धरून वाकली, आणि खोकला थांबल्यावरही थोडा वेळ तशीच वाकून राहिली. तो खोकला कोणता, हे कंपाउंडरला ऐकून कळते. नक्की सांगता येत नाही, पण कळते.

"शेगडीचा धूर हाय जी," ती म्हणाली. "तुमचा खोकला मले देला वाटते तुमी."

ती हसली. मी यादी लिहून दिली.

त्या आठवड्यात मी देवाजवळ बसण्याचा प्रयत्न केला. प्रयत्न म्हणतो, कारण मला ते जमत नव्हते. व्यासपीठावरून मी प्रार्थना उत्तम करीत असे, लोक तसे म्हणत. पण तेथे मी नेहमी दुसऱ्यांचे अर्ज घेऊन उभा असे, जसा एखादा कारकून साहेबांपुढे फाईल ठेवतो. फाईल ठेवून झाली की कारकून बाहेर येतो. साहेबांशी त्याची ओळख असतेच असे नाही. आता माझ्या हातात फाईल नव्हती. मी डोळे मिटले की इंजेक्शनामुळे कानात सुरू झालेली घणघण तेवढी ऐकू येई.

शेवटी मी एक प्रार्थना केली. दयाबाईचा खोकला साधा असू दे, एवढीच. ती प्रार्थना तिच्यासाठी नव्हती. तिचा खोकला साधा निघाला तर मला काही सांगावे लागणार नव्हते. या प्रार्थनेला उत्तर आले नाही. उत्तर द्यावे असे तिच्यात काही नव्हते.

पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा तिची चोळी अंगावर सैल झालेली दिसली. मी पुन्हा गप्प राहिलो. त्याच्या पुढच्याही शनिवारी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रांगेत सत्तारभाईंनी विचारले, "तुमच्या चर्चमधी सांगतलं का?"

"नाही. तुम्ही?"

"मी मशिदीत पहिल्याच जुम्म्याले सांगून देल्लं. लोक बसतात जरा दूर. पण दुआ जवळून करतात."

मी इंजेक्शन घेतले आणि घरी न जाता दयाबाईच्या खोलीवर गेलो. उन्हे तापू लागली होती. ती दारात तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सांगितले की मला क्षय आहे, महिन्यापूर्वी कळले आहे, आणि तिने उद्याच थुंकी तपासावी.

ती सूप तसेच धरून बसली.

"तुमाले महिनाभर म्हाइत होतं?"

"होते."

"अन् मी दर शनिवारी तुमच्या दारात खोकलत होतो, तवा बी?"

"तेव्हाही."

"काऊन नाई सांगतलं भाऊ?"

कारण सांगण्यासारखे नव्हते. मी लाज वाटली असे म्हणालो. तिने तांदळातला एक खडा काढून फेकला.

"लाज तुमची, अन् फुप्फुस माझं."

एवढे बोलून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती दवाखान्याच्या दारात माझ्याआधी उभी होती. तिची थुंकी पॉझिटिव्ह निघाली. पहिल्या दिवशी मी खोटे बोललो होतो हे डॉक्टरांजवळ कबूल केले आणि विचारले, तिला हा रोग माझ्यापासूनच झाला का? ते म्हणाले, "असं कोणीच ठरवू शकत नाही. वस्तीत कुठूनही होतो. पण तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तिचा महिना वाचला असता." मला त्यांच्या बोलण्याचा पहिला भाग पुरेसा वाटावा, असे मी फार दिवस स्वतःला बजावले.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी यादी वाचली. तिच्यात आम्हा दोघांची नावे होती. दयाबाईने अट घातली होती, "माझं नाव टाकजा, पण तुमचं आंधी." मी बाहेर ओट्यावर बसून ऐकले. रोगाचे नाव वाचले गेले नाही. ते मी सांगितले नव्हते आणि तिनेही माझ्यासाठी झाकले. माझ्या नावानंतर आतून माणसांचे आवाज उठले. सोळा वर्षांत ते आवाज दुसऱ्यांसाठी उठताना मी यादीतल्या पुढील ओळीकडे पाहत असे. त्या दिवशी पाहायला ओळ नव्हती. मी ऐकत राहिलो. फार थकलो होतो.

चाळिसाव्या इंजेक्शननंतर मला चालताना तोल जाऊ लागला. डॉक्टर म्हणाले, "व्हर्टिगो. स्ट्रेप्टोमायसिनने कानातला तोल सांभाळणारा भाग दुखावला आहे. इंजेक्शन बंद करू. ऐकू येणंही थोडं कमी होईल." तसेच झाले. आता हार्मोनियमच्या वरच्या पट्ट्या मला ऐकू येत नाहीत.

अशाच स्थितीत सकाळी उठून देवाजवळ बसण्याची सवय लागली. व्यासपीठावरील शब्द आठवत नसत, म्हणून मी जे झाले ते सांगू लागलो. आज भूक नाही. आज अंगणापर्यंत जाताना भिंत धरावी लागली. आज दयाबाई बोलली नाही. एवढ्यावर संपे. देव माझ्याशी काही बोलला असे मी म्हणणार नाही. परंतु रोज सकाळी कोणाला तरी खरे सांगायचे आहे हे ठाऊक असले की दिवसभरात खोटे बोलणे अवघड होत जाते. एवढा फरक मला जाणवला, आणि तो लहान नाही.

वाचणाऱ्यांपैकी कोणी याच मार्गाने जात असेल, तर पुढची गोष्ट त्याने लक्षात ठेवावी. चार महिन्यांनी खोकला जातो, वजन वाढते, आणि रोगी स्वतःला बरा समजतो. तो बरा नसतो. आम्ही दोघे आज बरे आहोत, हे आधीच सांगून टाकतो. पण जुलै महिन्यात दयाबाई गोळ्या घरी ठेवून नागभीडजवळ भावाकडे रोवणीला, भाताची रोपे लावायला, निघून गेली. तीन आठवडे झाले तरी आली नाही. डॉक्टर म्हणाले, "अशी मध्येच सोडली तर पुढे गोळ्या लागूही पडत नाहीत." मी त्यांच्याकडून तिच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या मागून घेतल्या.

चांदा फोर्ट स्टेशनवरून नागभीडकडे जाणारी सकाळची लहान गाडी पकडली. डब्यात बसल्यावर डोके गरगरत होते. मी डोळे मिटून म्हणालो, देवा, मला आज खरे बोलायचे आहे आणि मला भीती वाटते. याहून अधिक काही म्हणालो नाही. माझ्या आयुष्यात मी केलेली ती सर्वांत लहान प्रार्थना असेल.

दयाबाई गुडघाभर चिखलात वाकून रोवत होती. मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाहून ती ताठ झाली. वर आली ती रागातच.

"इथी काऊन आले? मले आता काई नाई हाय."

"गोळ्या घे."

"हळू बोला," ती म्हणाली. "भावाच्या घरी म्हाइत नाई. समजलं तर वहिनी मले लेकराईजवळ येऊ देणार नाई."

म्हणजे मी ज्या कारणाने गप्प बसलो होतो, त्याच कारणाने ती बसली होती. तिला बोल लावण्याचा अधिकार मला नव्हता. तेवढ्यात तिचा भाऊ आणि वहिनी पाणी घेऊन तेथे आले. मी कोण, असे भावाने विचारले.

मी माझे नाव सांगितले. कंपाउंडर होतो हेही सांगितले. मग म्हणालो, "मला क्षय झाला होता. मी तो लपवला. मी हिच्यासमोर तीन महिने खोकलो. हिला तो माझ्यापासून झाला असावा. हिचा दोष नाही. ही गोळ्या घेत राहिली तर तुमच्या मुलांना भय नाही. घेतल्या नाहीत तर आहे."

रोवणाऱ्या बायांनी माना वर केल्या. भाऊ माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. तो मारेल असे मला वाटले, आणि मी सरकलो नाही.

दयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "डॉक्टर बी सांगू नाई शकत कोणापासून झाला ते. अन् हे एवढे दूर येऊन सांगून राह्यले." मग भावाला म्हणाली, "आता पायतो का नुसता? बुढ्याले चक्कर येते. बसव त्याले खाली."

मला बसवले गेले. वहिनीने हळूच विचारले, "ताट येगळं ठेवाचं का जी?"

"नको. ताटाने होत नाही. खोकताना तोंडावर पदर धरायचा, सर्वांची एकदा तपासणी करायची, आणि गोळी रोज घ्यायची."

वहिनीने पाण्याचा गडवा उचलला. दयाबाईने हात चिखलाचे म्हणून तोंड पुढे केले. वहिनीनेच गोळ्या तिच्या जिभेवर ठेवल्या आणि वरून पाणी ओतले. तिने त्या गिळल्या आणि तोंड वाकडे करून म्हणाली, "कडू हाय. तुमच्यासारख्या."

परमेश्वराचे आभार मी तेथेच मानले, मनात. कोणाला कळले नसेल.

परतताना धुऱ्यावर तोल गेला, तेव्हा तिच्या भावाने माझा दंड धरला आणि स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.  स्टेशनवर मी परतीचे तिकीट काढले, आणि पंधरा दिवसांनी पुढच्या गोळ्या घेऊन पुन्हा यायचे असल्यामुळे सकाळच्या गाडीची वेळ मास्तरांना विचारून कागदावर लिहून घेतली.