पातं थांबेपर्यंत

घरामागच्या शेडमध्ये मी कटर मशीनवर सागाची पट्टी कापत होतो. शेवटची वीतभर उरली की मी बोटं पात्याजवळ नेत नाही, काठीने लाकूड पुढे ढकलतो. तेवढ्यात माझी बायको सुमन दारात येऊन उभी राहिली. तिने हाक मारली नाही. मशीन चालू असताना माणसाला दचकवायचं नाही, हे तिला ठाऊक आहे.

पण तिचं ते उभं राहणं नेहमीचं नव्हतं. मान वर करावीशी वाटत होती. लक्ष हललं तर लाकूड तिरकं होऊन उलटं अंगावर येतं, म्हणून नजर रेघेवरच धरून ठेवली. पट्टी सुटली, मी बटण बंद केलं. पातं मात्र फिरतच राहिलं. त्याला थांबायला इतका वेळ लागतो, हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

"काय झालं गं?"

तिने हातानेच थांबा म्हटलं. हळूहळू पात्याचे दाते वेगळे दिसू लागले, मग ते स्थिर झालं.

"अहो, माझी आई गेली," ती म्हणाली, आणि मग रडली.

तेवढा वेळ ती बातमी तिने एकटीने कशी धरून ठेवली असेल, याचा विचार अजून मला स्वस्थ बसू देत नाही.