सुनेला चालेल असं चायनीज

महिन्यातून एकदा सगळ्या घराने बाहेर जेवायचं आणि चायनीजच जेवायचं, हे ठरलेलं. मधे ताटल्या ठेवल्या की सगळ्यांना सगळं खाता येतं. हॉटेल मात्र घरातली थोरली वहिनी निवडणार. ती पडद्यांच्या दुकानात मापं घ्यायची, आणि घरातही जो तो तिच्या मापात बसायलाच हवा असायचा. धाकटा दीर तिला कॅप्टन म्हणे, तेही जरा लांब उभा राहून.

लग्न होऊन वेगळा संसार थाटल्यापासून तिची सून या जेवणाला एकदाही आली नव्हती. कधी डोकं दुखे, कधी ऑफिसात काम निघे. "शिष्ट आहे," जाऊबाईंनी निकाल देऊन टाकला. शेवटी मुलाने आईला बाजूला घेऊन सांगितलं. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी सुनेचा घसा सुजतो, श्वास कोंडतो. लहानपणी एकदा मरता मरता वाचली होती. नव्या घरात आपलं कौतुक नको, म्हणून कुणाला सांगू नकोस म्हणत होती.

कॅप्टनला आधी राग आला, मग तो ओसरला. "कुणाला कळणार नाही," ती म्हणाली, "पण ती जेवायला येईल."

दुकान सुटल्यावर ती आजूबाजूची हॉटेलं पालथी घालू लागली. कोपऱ्यावरचा मालक मान वर न करता म्हणाला, "आमच्याकडे दाणे नसतातच." गल्ल्यापाशी खाऱ्या दाण्यांची बशी होती. माशांची मोठी काचपेटी असलेल्या ठिकाणी वेटरने विचारलं, "थोडे असले तर चालतील ना?" ती तशीच मागे फिरली. बँकेमागच्या अरुंद हॉटेलात मात्र स्वयंपाक करणारी बाई बाहेर आली. "एका चटणीत दाणे आहेत. त्या दिवशी ती करणारच नाही. सूनबाईंचं जेवण आधी करीन, कढई घासून." आहे ते आहे म्हणणारी ही पहिलीच भेटली. कॅप्टनने तिथलं गोल टेबल सांगून ठेवलं.

मुलाने हे सगळं समजावल्यावर सून आली. टेबलावरची काचेची चकती फिरत होती, ताटल्या येत-जात होत्या, आणि कॅप्टनचा जीव मुठीत होता. तेवढ्यात उशिरा आलेल्या दिराने पिशवीतून डबा काढला.

"वहिनी, हॉटेल तुमचं, पण चटणी कोपऱ्यावरचीच! बांधून आणलीय." त्याने चमचाभर दाण्यांची चटणी नूडल्सवर ओतली, तोच चमचा भातात खुपसला आणि चकती फिरवली. "नव्या सूनबाईंना आधी!"

भात सुनेसमोर आला. तिने हात मांडीवर घेतले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी ती हसायचा प्रयत्न करत होती.

कॅप्टनने काचेवर थाड्‌कन पंजा मारला. पेले हिंदकळले.

"कुणी हलवायचं नाही! दाणे आहेत त्यात. हिला चालत नाहीत. जीव जाईल पोरीचा!"

"अहो, मला सांगायचं तरी..." दीर पुटपुटला. त्याने डब्याचं झाकण घट्ट लावलं. जाऊबाई खाली बघत होत्या. चूक आपलीच, हे कॅप्टनला लख्ख कळलं. सुनेची लाज राखायला निघाली होती, आणि तिचा जीवच घालवून बसली असती.

"माफ कर गं," ती म्हणाली. "सगळ्यांना आधीच सांगायला हवं होतं मी."

सून हळूच म्हणाली, "आई, मी घरून जेवून आलेय. नेहमी तसंच करते. बाहेर कुणावर विश्वासच बसत नाही."

कॅप्टनला ते लागलं, पण तिने मान डोलावली. दिराने न सांगता सगळ्या ताटल्या उचलून आत दिल्या. जाऊबाईंनी काच पुसली, परत पुसली, आणि हात धुऊन आल्या.

सून ते सगळं बघत होती. तिने खुर्ची पुढे ओढली.

"आई, माझ्यासाठी थोडा भात सांगता?"